घरातल्या कुंड्यांसाठी मित्रकीटक: फुलकिडे, लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण

अळूवडी (आइंडहोव्हन, नेदरलँड्स)

नमस्कार मंडळी. कडुनिंबाचं तेल, साबणपाणी, आंबट ताक यांवरचे इथले जुने धागे वाचून काढले. माझी अडचण जरा वेगळी आहे म्हणून नवा धागा काढते.

घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी नाही. सगळी झाडं दिवाणखान्यात मोठ्या खिडकीपाशी. थंडी पडली की खिडक्या बंद आणि हीटर चालू, ते थेट मार्चपर्यंत. मॉन्स्टेराच्या पानांवर चंदेरी ओरखडे आलेत आणि त्यावर काळे बारीक ठिपके. पान उलटं केलं की पिवळट, लांबुडके, जेमतेम दिसतील असे किडे हलतात. अलोकेशियाच्या पानांखाली बारीक जाळी आहे आणि वरून पान फिकट पडत चाललंय. म्हणजे एकावर फुलकिडे, दुसऱ्यावर लाल कोळी.

मुलगी नुकती चालायला लागलीय. प्रत्येक कुंडीला हात लावते, पान तोंडात घालायला बघते. बंद खोलीत फवारणी नको वाटते. इथे रोपवाटिकेत कागदी पुड्या मिळतात, आत जिवंत किडे असतात आणि ते हे किडे खातात म्हणे. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "घरातले किडे घालवायला आणखी किडे विकत आणणार?" तिला काय सांगू? घरात हे कुणी केलंय का? खरंच चालतं का?

गच्चीकर (पुणे)

छान विषय. माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये जास्वंद आणि अडेनियम पिठ्या ढेकणांनी पांढरे झालेत. आपल्याकडे काय मिळतं तेही कुणी सांगा.

काचघर (वेस्टलँड, नेदरलँड्स)

अळूवडी, आधी एक महत्त्वाचं. मॉन्स्टेरा आणि अलोकेशिया दोन्ही अळूच्या कुळातली झाडं. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. चावलं तर तोंड, जीभ, घसा सुजतो. किडींचं नंतर बघू, पण या दोन कुंड्या आजच उंचावर ठेव.

आता मूळ प्रश्न. मी वेस्टलँडमध्ये भाज्यांच्या काचघरात पीकसंरक्षणाचं काम करते. तिथे आम्ही फवारणीपेक्षा मित्रकीटकांवर जास्त विसंबतो. घरातही ते चालतात, पण फवाऱ्यासारखे नाहीत. आज सोडले आणि उद्या झाड साफ, असं होत नाही. मित्रकीटकाला जगायला कीड लागते, म्हणून कीड शून्यावर येत नाही, आटोक्यात येते. हे ज्याला चालणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

लाल कोळ्यासाठी फायटोसियुलस पर्सिमिलिस नावाचा परभक्षी कोळी घे. नारिंगी, चकचकीत, लांब पायांचा आणि लाल कोळ्यापेक्षा कितीतरी चपळ. एक मादी दिवसाला साधारण वीस अंडी किंवा पाचेक मोठे कोळी फस्त करते. हा प्राणी युरोपात आला तो झाडांच्या शौकातूनच. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांवर तो नकळत आला आणि तिथल्या संशोधकांच्या नजरेत भरला. पुढे इथल्या एका काकडी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, यान कोपर्ट यांना, फवारणीच्या औषधांचा त्रास व्हायला लागला, म्हणून त्यांनी हा कोळी वाढवायला घेतला आणि १९६७ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. आज जगभर जे मित्रकीटक डब्यांतून आणि पुड्यांतून जातात त्या व्यवसायाची ही एक सुरुवात.

पर्सिमिलिस लाल कोळ्याशिवाय जवळजवळ काहीच खात नाही. म्हणून 'आधीच सोडून ठेवते' याला अर्थ नाही, उपाशी मरतो. जाळी दिसतेय म्हणतेस, म्हणजे जेवण तयार आहे. सोडायच्या आदल्या दिवशी अलोकेशिया न्हाणीघरात नेऊन कोमट पाण्याच्या धारेखाली पानांची खालची बाजू धू. निम्म्याहून जास्त कोळी आणि जाळी तिथेच जातील. उरलेले त्याला ठेव. पाणी निथळल्यावर सोड.

फुलकिड्यांचं प्रकरण जास्त चिवट आहे, आणि ते का चिवट आहे हे कळल्याशिवाय पैसे घालवू नकोस. मादी अंडं पानाच्या आत खुपसते, तिथे कुणाचाच हात पोचत नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं पानावर खातात. मग बहुतेक पिल्लं खाली मातीत उतरून कोषावस्थेत जातात आणि पंख घेऊन पुन्हा वर येतात. उबदार खोलीत हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. म्हणून नुसतं पान पुसून ते संपत नाहीत.

पुड्यांमध्ये बहुधा ॲम्ब्लिसियस कुकुमेरिस किंवा स्विर्स्की नावाचा परभक्षी कोळी असतो. कुकुमेरिस फुलकिड्यांची अगदी लहान पिल्लं खातो, मोठ्या फुलकिड्याला हात लावत नाही. स्विर्स्कीला ऊब जास्त लागते, आणि तो पांढऱ्या माशीची अंडी-पिल्लंही खातो. पुडीत कोंडा आणि कोंड्यावर जगणारे निरुपद्रवी कोळी असतात, ते त्यांचं खाद्य. त्यामुळे आत पिढ्या वाढत राहतात आणि चार ते सहा आठवडे थोडे थोडे बाहेर पडतात. बाहेर पडायला पुडीला बारीक भोक असतं. पुडी कापून कोंडा कुंडीत ओतू नकोस. पानांच्या सावलीत, फांदीला टेकेल अशी टांग, म्हणजे ते थेट झाडावर चढतील. उन्हात टांगलीस तर आतल्या आत भाजून मरतील.

मातीत उतरलेल्यांसाठी वेगळा शिपाई लागतो, स्ट्रॅटिओलेलॅप्स नावाचा मातीतला कोळी. तो मातीवर पसरून टाकायचा. पानावर एक आणि मातीत एक अशी जोडी लावलीस तर फुलकिडे हटतात. एकट्या पुडीवर मोठं झाड साफ झालेलं मी क्वचित बघितलंय.

अळूवडी

काचघर, कुंड्या लगेच वर ठेवल्या, खूप आभार. अजून तीन शंका. हीटरमुळे हवा फार कोरडी आहे, आर्द्रतामापक तीस-पस्तीस टक्के दाखवतो. मुलीच्या अंगावर हे कोळी गेले तर? आणि मागच्या महिन्यात घरी आलेल्या एका पाहुण्यांनी मॉन्स्टेरावर फवारा मारला होता, बाटलीवर पायरेथ्रिन की पायरेथ्रॉइड असं काहीतरी होतं. त्याने काही बिघडेल का?

काचघर

तिसऱ्या शंकेपासून सुरू करते, कारण सगळं त्यावर अडतं. बाटली शोधून नाव नीट वाच. नैसर्गिक पायरेथ्रिन उजेडात लवकर नाश पावतं, काही दिवसांत परिणाम ओसरतो. कृत्रिम पायरेथ्रॉइड म्हणजे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनच्या जातीचं असेल तर ते पानावर आठवडेच्या आठवडे राहतं आणि परभक्षी कोळ्यांना फुलकिड्यांपेक्षा जास्त मारक ठरतं. तसं असेल तर मॉन्स्टेरावर दोन-अडीच महिने काही सोडू नकोस. तोवर पानं धुणं आणि निळे चिकट सापळे. इमिडाक्लोप्रिडसारखं झाडात भिनणारं औषध असेल तर त्याहूनही जास्त थांबावं लागेल. साबणपाण्याचं तसं नाही. ते सुकलं की मारण्याची ताकद संपते.

कोरडेपणा ही खरी अडचण आहे. पर्सिमिलिसची अंडी साठ टक्क्यांच्या खाली नीट उबत नाहीत. लाल कोळ्याला मात्र कोरडं, उबदार घर फार मानवतं, म्हणूनच तो हिवाळ्यात घरात माजतो. दिवाणखान्याची सगळी हवा दमट करायची गरज नाही. अलोकेशिया हीटरपासून लांब ने, झाडं एकमेकांना चिकटून ठेव, आणि सोडल्यानंतर पहिले काही दिवस झाडावर मोठी पारदर्शक पिशवी सैल घाल. पानाभोवतीची हवा दमट राहिली की पुरे. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने दहा मिनिटांपुरतीच आर्द्रता वाढते.

मुलीबद्दल: हे कोळी अर्धा मिलिमीटरचे असतात, माणसाला चावत नाहीत, घरात घर करत नाहीत. खायला संपलं की मरतात. हरितगृहात वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या काही कामगारांना यांची ॲलर्जी झाल्याचं आढळलंय, पण तिथे ते कोट्यवधींनी सोडतात. दोन पुड्या ही वेगळी गोष्ट आहे. तरी कोंडा सांडणार नाही अशी टांग. ओरियस नावाचा ढेकणासारखा मित्रकीटक मोठे फुलकिडेही खातो, पण तो कधी कधी माणसाला टोचतो, आणि दिवस लहान असले की त्याच्या नेहमीच्या जाती सुस्तावतात. डिसेंबरात लहान मूल असलेल्या घरात मी तो सुचवणार नाही.

आईंना सांग, की हे विषाऐवजी आणतोय.

चौथा मजला (डोंबिवली)

वाचतोय, फार उपयोगी. दोन प्रश्न. माझा भाऊ जर्मनीहून सुट्टीला येतोय, त्याला दोन पुड्या बॅगेतून आणायला सांगू का? आणि इथे कृषी सेवा केंद्रात ट्रायकोकार्ड मिळतं असं कळलं. ते तुळशीवरच्या माव्याला चालेल का?

शेतकी मास्तर (राहुरी)

चौथा मजला, बॅगेतून अजिबात आणू नका. भारतात कुठलाही जिवंत कीटक आणायचा तर केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची परवानगी लागते, तो मित्रकीटक असला तरीही. वनस्पती विलगीकरणाचा २००३ चा आदेश आहे. हा नियम कागदी नाही, त्यामागे कारण आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला सापडला आणि दोन वर्षांत दक्षिणेत आणि आपल्या पुणे भागात पपईच्या बागाच्या बागा बसल्या. तेव्हा त्याचा परोपजीवी, म्हणजे त्याच्या अंगात वाढून त्याला मारणारी बारीक गांधीलमाशी, ॲसेरोफॅगस पपाये, २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणला. आणणारी बेंगळुरूची सरकारी कीटक संस्था, तरी रीतसर परवाने, विलगीकरण, आपल्या इतर कीटकांना तो त्रास देत नाही ना याची तपासणी, आणि मगच तो बाहेर सोडला. त्याने काम इतकं चोख केलं की पपईवर फवारणीची गरज फारशी उरली नाही. तेच कुणी बॅगेत काहीतरी आणून खिडकीतून सोडलं तर पुढे काय वाढेल याचा भरवसा नाही.

युरोपात हे घडलं आहे. हार्लेक्विन नावाचा आशियाई ढालकिडा (लेडीबग) माव्यासाठी विकत होते, तो सुटला, पसरला, २००४ मध्ये इंग्लंडला पोचला आणि तिथल्या स्थानिक ढालकिड्यांच्या मुळावर आला.

आता ट्रायकोकार्ड. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी आहे. ती पतंगांच्या अंड्यात आपलं अंडं घालते. उसाची खोडकीड, कपाशीची बोंडअळी यांच्या अंड्यांवर तिचं काम. कार्डावर तांदळावरच्या पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात आणि त्या प्रत्येकात ती वाढत असते. मावा पतंगांत मोडत नाही, मॉन्स्टेरावरचे फुलकिडेही नाही आणि पिठ्या ढेकूणही नाही. ट्रायकोकार्ड तुळशीला बांधलंत तर गांधीलमाश्या निघून जातील आणि मावा तसाच राहील. दुकानदाराने 'सगळ्या किडींवर चालतं' म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

तुळशीच्या माव्यासाठी काही विकत आणायची गरज नाही. ग्रिलमधल्या एखाद्या कुंडीत कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर येऊ द्या. त्या फुलांवर सिरफिड माश्या आणि क्रायसोपर्लाचे हिरवे, जाळीदार पंखांचे कीटक मधासाठी येतात आणि माव्याशेजारी अंडी घालतात. क्रायसोपर्लाचं अंडं पानावर केसासारख्या देठावर उभं असतं. लोकांना ती बुरशी वाटते आणि पुसून टाकतात. पुसू नका. त्यातून निघणारी अळी माव्याचा फडशा पाडते. मात्र भावंडांनाही खाते, म्हणून विकत आणलेली अंडी एका जागी न टाकता झाडभर विखरून टाकावी लागतात.

काचघर

मास्तरांच्या ट्रायकोग्रामाबद्दल एक जोड. इकडे जर्मनीत तिचीच एक जात स्वयंपाकघरातल्या पिठातल्या पतंगांसाठी आणि कपड्यांच्या कसरीसाठी कार्डांवर विकतात. कपाटात ठेवायचं, काम झालं की माश्या मरतात. म्हणजे घरात गांधीलमाश्या सोडणं इथल्या लोकांना नवं नाही. फक्त कीड पतंगाची हवी.

ऊसकरी (सांगली)

कुंड्या माझा विषय नाही, पण मित्रकीटक आम्ही डोळ्यांनी बघितलेत म्हणून लिहितो. २००२ च्या पावसाळ्यात आमच्या भागात उसावर लोकरी मावा आला. पानांच्या खाली पांढरा थर, वर काळी बुरशी, उसात शिरलं की अंगभर पांढरं. लोकांनी सापडेल ते औषध मारलं. मोठ्या उसात फवारा पोचत नाही, मावा परत यायचा.

पुढे कृषी विद्यापीठाची आणि कारखान्याची माणसं सांगायला लागली की फवारणी थांबवा, मित्रकिडी दिसतायत. डिफा नावाच्या पतंगाची अळी मावा खाते. पतंगाची अळी पान सोडून मावा खाते हे आम्हाला नवलच होतं. दुसरा मायक्रोमस, तोही मावा खाणारा कीटक. ज्या फडात त्या दिसत तिथली पानं कापून दुसऱ्याच्या फडात नेऊन बांधायचो. नंतर ईशान्येकडून आणलेली एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशीही सोडली. काही हंगामांत मावा हाताबाहेर जाणं थांबलं. आजही कुठे कुठे दिसतो, पण मागोमाग डिफाही दिसतो.

ज्यांनी फवारणी थांबवली नाही त्यांच्या फडात मित्रकिडी टिकल्या नाहीत. घरातही तेच असणार. एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं, हे जमत नाही.

गच्चीकर

ऊसकरी दादा, सुंदर लिहिलंत. मास्तर, आता माझ्या पिठ्या ढेकणांचं सांगा. एक विचित्र गोष्ट दिसतेय. जास्वंदीवर नेहमीच्या ढेकणांत काही खूप मोठे, लांब पांढऱ्या झालरीचे आणि भरभर चालणारे किडे आहेत. ढेकूण एवढा पळतो का? साबणपाण्याची बाटली हातात आहे, सगळं झाड धुवून काढायचा विचार आहे.

शेतकी मास्तर

बाटली खाली ठेवा! तुम्ही ज्यांना मोठे ढेकूण म्हणताय त्या बहुधा क्रिप्टोलेमसच्या अळ्या आहेत, म्हणजे पिठ्या ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याच्या. त्या मेणाची पांढरी झालर पांघरतात आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारख्या दिसतात. ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्याही त्यांना फसतात. फरक चालीत ओळखा. ढेकूण हळू सरकतो, ही अळी लगबगीने फिरते आणि सेंटिमीटरपेक्षाही मोठी होते. बोटाने हळूच झालर बाजूला केली तर खाली अळीचे ठळक सहा पाय दिसतील. एकीला ढेकणांच्या कापसाळ अंडपुंजक्यात तोंड घालून बसलेली बघितलीत तर शंकाच उरणार नाही.

हा कीटक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्याची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीने संपत आल्या होत्या. अल्बर्ट कोबेले नावाचा कीटकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथून व्हेडालिया नावाचा छोटा लाल-काळा ढालकिडा पाठवला. वर्ष-दोन वर्षांत बागा वाचल्या. पुढच्या फेरीत त्यानेच क्रिप्टोलेमस नेला. आपल्याकडे क्रिप्टोलेमस १८९८ मध्ये आणला, तोही कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. त्या किडीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण तो दक्षिणेत टिकला आणि पुढे द्राक्ष, पेरू, कॉफीवरच्या पिठ्या ढेकणांसाठी वाढवून सोडला जाऊ लागला. कुणी न सोडता तुमच्या ग्रिलमध्ये तो आला असेल तर आसपासच्या बागांतून आला. प्रौढ किडा चार मिलिमीटरचा, काळपट पाठ, डोकं आणि शेपटाकडचं टोक नारिंगी.

आता तुमचं काम एकच, मुंग्या रोखा. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याला जपतात, प्रौढ ढालकिड्याला हुसकावतात, परोपजीवी माशीला अंडं घालू देत नाहीत. मुंग्यांची ये-जा चालू असेपर्यंत बाजारातला महागातला मित्रकीटकही वाया जातो. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, म्हणजे मुंगीला पूल उरणार नाही. मुळंही पाण्यात बुडणार नाहीत. झाडाची फांदी ग्रिलला किंवा भिंतीला टेकत असेल तर छाटा, नाहीतर ताटली फुकट. ताटलीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, डासांची पैदास नको.

चौथा मजला

मास्तर, विकत कुठे मिळतो? आणि बंद खोलीत सोडला तर खिडकीतून उडून जाणार नाही?

शेतकी मास्तर

कृषी विद्यापीठांच्या जैविक नियंत्रण प्रयोगशाळा आणि काही कृषी विज्ञान केंद्रं मागणीनुसार देतात. खासगी उत्पादकही आहेत. आधी फोन करा, कारण वर्षभर तयार नसतो. शक्य असेल तर प्रौढ किड्यांऐवजी अळ्या मागा. अळीला पंख नसतात, ती झाडावरच राहते, आणि खातेही जास्त.

प्रौढच मिळाले तर संध्याकाळी सोडा. त्यांना उजेडाची ओढ असते, भर दुपारी सोडले की सरळ काचेवर जाऊन बसतील. झाडावर जुनी मच्छरदाणी किंवा ऑर्गेंझाचं कापड टाकून खाली बांधा आणि चार-पाच दिवस तसंच ठेवा. तेवढ्यात माद्या अंडी घालतात. मग कापड काढलंत आणि काही उडाले तरी चालतं. साधारण २२ ते २८ अंशांत त्यांचं काम जोरात चालतं. एप्रिल-मेच्या तापलेल्या ग्रिलमध्ये आणि नाशिककडच्या कडक थंडीत ते सुस्तावतात. पावसाळा संपल्यानंतरचे दिवस उत्तम.

दोन ठिकाणी अपेक्षा ठेवू नका. मुळांवरचे ढेकूण, तिथे तो पोचत नाही. आणि लांब शेपटीचा पिठ्या ढेकूण, जो ऑर्किड आणि नेच्यांवर येतो. तो कापसाळ पुंजका न करता जिवंत पिल्लं टाकतो, आणि क्रिप्टोलेमसच्या मादीला अंडी घालायला तो पुंजकाच आवडतो.

रानजाई (ठाणे)

सगळी चर्चा आवडली, पण एक वेगळा सूर लावते. ज्यांच्याकडे चार-पाच कुंड्या आहेत त्यांनी एवढा खटाटोप कशाला करावा? कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून ढेकणांना टेकवला की ते जागीच मरतात. आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसली की लाल कोळी वाढत नाही. मित्रकीटक आणायचे म्हणजे त्यांना पुरेल एवढी कीड हवी. पाच कुंड्यांत ती नसते, मग ते उपाशी मरतात. जिवंत प्राणी उपाशी मरायला आणणं मला पटत नाही.

काचघर

रानजाई, पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मोजक्या कुंड्या, रुंद गुळगुळीत पानं आणि पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असेल तर हातानेच करावं. फक्त स्पिरिट आधी एका पानावर लावून बघा. होयासारख्या मेणचट पानांवर किंवा केसाळ पानांवर डाग पडतात.

फुलकिड्यांचं गणित वेगळं आहे. अंडी पानात, कोष मातीत, म्हणजे फडक्याला सापडतो तो एक हिस्सा. तिथे हाताने जिंकता येत नाही, आणि मग लोक बंद घरात विष आणतात. मित्रकीटक कामाला येतात ते इथे.

उपाशी मरण्याबद्दल: पर्सिमिलिसच्या बाबतीत ते खरं आहे, म्हणून कीड दिसल्याशिवाय तो आणू नये. कुकुमेरिस आणि स्विर्स्कीला परागही चालतात. स्ट्रॅटिओलेलॅप्स मातीतले इतर बारीक जीव खाऊन बराच काळ तग धरतो. काम झालं की बहुतेक सगळे मरतात हे कबूल. पण फवाऱ्याने त्या झाडावरचा भला-बुरा प्रत्येक जीव मरतो, हेही याच हिशेबात धरायला हवं.

रानजाई

हा मुद्दा पटला. फुलकिड्यांपुरतं माझं म्हणणं मागे घेते.

गच्चीकर

मास्तर, झालर बाजूला करून बघितली. सहा पाय स्पष्ट दिसतात! साबणाची बाटली आत ठेवली. ताटली आणि वीट लावली, ग्रिलला टेकणारी फांदी छाटली. जाता जाता, मनी प्लांटच्या मातीतून बारीक काळी चिलटं उडतात, त्यांच्यावरही काही आहे का?

शेतकी मास्तर

ती पाणी जास्त झाल्याची खूण. मातीचा वरचा दोन बोटांचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नका, पिवळा चिकट सापळा आडवा मातीलगत ठेवा, बहुतेक वेळा एवढ्यात आवरतात. न आवरल्यास डासांच्या अळ्यांसाठी जे बीटीआय जिवाणू मिळतात ते पाण्यात मिसळून मातीत घाला.

काचघर

आणि इकडच्यांसाठी: स्टायनरनेमा फेल्टिए नावाचे सूत्रकृमी मिळतात. पाण्यात कालवून ओल्या मातीत ओतायचे. फ्रिजमध्ये ठेवायचे आणि पाकिटावरच्या तारखेआधी वापरायचे, जिवंत असतात ते.

अळूवडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईने अख्खा धागा वाचला आणि सांगलीच्या उसाची गोष्ट वाचून तिचा विरोध मावळला.

बाटली सापडली. कडुनिंब आणि साबणच होता, पायरेथ्रॉइड नाही. म्हणजे मॉन्स्टेरावर थांबायची गरज नाही, बरोबर ना? अलोकेशिया धुऊन पर्सिमिलिस सोडले, पिशवी घातलीय. भिंगातून नारिंगी ठिपके पळताना दिसतात. मॉन्स्टेरासाठी कुकुमेरिसच्या पुड्या आणि मातीतले कोळी मागवलेत. काम होतंय की नाही हे कशावरून ओळखू? जुने चंदेरी डाग जातील का?

काचघर

हो, मॉन्स्टेरा एकदा साध्या पाण्याने पुसून घे आणि पुड्या आल्या की लगेच टांग. पार्सल सोमवार-मंगळवारी हातात पडेल असं मागव, शनिवार-रविवार गोदामात थंडीत अडकलेली पुडी कामाची नसते.

जुने डाग जाणार नाहीत, ती पेशी मेलेली असते. त्यावरून हिशेब करू नकोस. नवीन उलगडणारं पान बघ. फुलकिड्यांना कोवळं पान सगळ्यात आवडतं, ते स्वच्छ उलगडलं तर आपण पुढे आहोत. निळा सापळा कुंडीच्या काठाशी लाव आणि दर रविवारी त्यावरचे फुलकिडे मोजून तारखेसह लिहून ठेव. पहिले दोन-तीन आठवडे आकडा वाढेल, कारण मातीतले जुने कोष फुटत राहतात. घाबरून फवारा हातात घेऊ नकोस. चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर उतरायला हवा. पहिली पुडी रिकामी व्हायच्या आत दुसरी टांग, मधे खंड पडू देऊ नकोस. सहाव्या आठवड्यालाही आकडा चढताच असेल तर इथे लिही, मग जुनी, डागाळलेली पानं कुठली कापायची ते फोटो बघून ठरवू.